दहाव्याच्या दिवशीचा सरकारी इशारा

सरकारनं मोबाइलवर आणीबाणीचा इशारा द्यायची देशभर व्यवस्था केली, ती चांगलीच आहे. पूर असो, वीज असो, जिथं धोका असेल तिथल्या सगळ्या फोनवर एकदम भोंगा वाजतो. फोन मुका करून ठेवलेला असला तरी वाजतो. माझी तक्रार एवढीच, की त्याची चाचणी घ्यायला त्यांना नेमका माझ्या वडिलांचा दहावा सापडला.

जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या अलीकडं आमचं गाव. नदीकाठी पिंड मांडून आम्ही मागं सरकलो होतो. माझं डोकं नुकतंच भादरलेलं आणि वरून ऊन. कावळा पिंडाला शिवला की गेलेल्याचं मन कशात अडकलं नाही असं धरायचं. नाही शिवला तर घरच्यांनी काय राहिलं असेल ते ओळखून मोठ्यानं शब्द द्यायचा. मी जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात काम करतो. बी उगवेल की नाही हे ओल्या कागदावर तपासून सांगणारा माणूस. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं मी चारचौघांत ऐटीत सांगत असतो. तरी त्या दिवशी श्वास रोखून बघत होतो. एक कावळा उतरलाही. उड्या मारत पिंडाच्या अगदी जवळ आला आणि त्यानं मान तिरकी केली.

तेवढ्यात सगळ्या भावकीच्या खिशांतून एकाच वेळी कर्कश भोंगा सुटला.

कावळा तर गेलाच, समोरच्या लिंबावर बसलेले सगळेच्या सगळे उडाले. माणसांची त्याहून वाईट गत. एका पाहुण्यानं फोन फुटतोय की काय म्हणून तो गवतात भिरकावला. माझे चुलते सकाळपासून 'फोन बंद ठेवा' म्हणून सगळ्यांना दमात घेत होते, आणि सगळ्यात मोठा आवाज त्यांच्याच बंडीच्या खिशातून येत होता. त्यांना तो काही केल्या बंद होईना. त्यातच फोनमधून एक बाई संथपणे वाचायला लागली, की हा फक्त चाचणी संदेश आहे, आपण काहीही करण्याची गरज नाही.

काही माणसं हसली. सुतकात हसू नये म्हणून लगेच खोकली. मला हसू आलं नाही, कारण वडिलांचं काय राहिलं होतं ते मला ठाऊक होतं. बाकी कुणालाही ठाऊक नव्हतं.

माझ्या धाकट्या बहिणीनं स्वतःच्या मनानं लग्न केलेलं. मुलगा दुसऱ्या जातीतला. साखर कारखान्यावर नोकरी करतो, ती दोघं अंकुशनगरला राहतात. वडिलांनी तेव्हा तिचं नाव टाकलं. घरात तिचा विषय निघाला की ते ताटावरून उठायचे. गेल्या उन्हाळ्यात त्यांना जालन्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा एका दुपारी मला म्हणाले, "पोरीला बोलवून घे. मला बघायचीय ती."

मी म्हणालो, "बोलावतो की. जरा बरं वाटू द्या."

बोलावलं नाही. चुलते रोज दवाखान्यात यायचे. ती आली असती तर त्यांनी वॉर्डात तमाशा केला असता, हे खरं आहे. पण त्याच्या आत दुसरंही एक खरं आहे. तिच्या लग्नापायी गावात मान खाली घालून मी फिरलो होतो, सोयऱ्यांची बोलणी मी खाल्ली होती, आणि आता वडिलांनी एका वाक्यात तिला माफ करून टाकलं याचा मला राग आला होता. माझं मलाच सांगायला लाज वाटते, पण आला होता. तिला मी फोन केला तो वडील दवाखान्यातच गेल्यावर.

तर कावळे काही परत येईनात. चुलते पुढं झाले, हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "वहिनीला काही कमी पडू देणार न्हाई!" कावळा नाही. आत्या म्हणाली, "तुझी म्हैस इकणार न्हाई रे भावा, बिलकुल न्हाई!" तरी नाही. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. आईनंही बघितलं.

"फोनमुळं बुजलेत," मी म्हणालो. "येतील थोड्या वेळानं."

त्या भोंग्याचा मला त्या क्षणी केवढा आधार वाटला! सरकारच सांगत होतं, काही करायची गरज नाही.

बहीण बायकांच्या घोळक्यात अगदी कडेला बसली होती. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं, आणि तिला कुणी घालवतही नव्हतं. आत्या आता तिच्या दिशेनं बघत म्हणाली, "जिनं जीव दुखवला, ती समोर असल्यावर तो कसा शिवंल?" हळू बोलली असेल, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

बहिणीनं मान वर केली आणि थेट माझ्याकडं बघितलं. मी पिंडाकडं बघत राहिलो. ती उठली, पदर खोचला आणि चढण चढून रस्त्याकडं चालायला लागली. मला फक्त एवढं म्हणायचं होतं, की थांब, बाबांनी तुला बोलावलं होतं. पाच-सहा शब्द. तोंडात आलेही होते. भावकीसमोर ते बोलायचे म्हणजे मी काय केलं तेही बोलावं लागणार होतं.

ती वळणाआड गेली आणि कावळा आला. टुणकन उतरला, भाताला चोच लावली, दुसराही आला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. आत्या म्हणाली, "बघितलं का?" आणि सगळ्यांनी बघितलं होतं.

मी स्वतःला किती वेळा समजावलं असेल. आवाजानं उडालेली पाखरं निवांत झाल्यावर परत येतातच, ती तिथं असती तरी आली असती. हे पटतं. पण ते पटून उपयोग काय? गावभर झालं, की बापानं मेल्यावरही पोरीला जवळ केलं नाही. लग्नकार्यात लोक ते एकमेकांना रंगवून सांगतात. आणि ती तिकडं हेच उराशी धरून बसली असणार, हे मला माहीत होतं. खोटं पाडायला जगात मी एकटाच माणूस होतो आणि मी रोज वेळेवर कामाला जात होतो, जेवत होतो, पंखा लावून झोपत होतो.

मग पावसाळ्यात खरा इशारा आला. आम्ही दुपारी कारखान्यात असताना सगळ्यांचे फोन एकदम केकाटले. जिल्ह्यात विजांसह वादळाची शक्यता, उघड्यावर थांबू नका, झाडाखाली आसरा घेऊ नका. आता लोकांना त्याची सवय झालीय. कुणी फोन भिरकावत नाही. उलट आमच्याकडं एक रीतच पडलीय, की भोंगा थांबला की जो तो आपल्या माणसाला फोन लावतो. "रानात हाय का? जल्दी घरी जा." गोण्यांच्या थप्पीआड, जिन्यात, जिथं जागा मिळेल तिथं माणसं फोनवर बोलायला लागली.

मी घरी लावला. बायको म्हणाली, आई आतच आहे, दोरीवरचे कपडेही काढून आणलेत. मग फोन हातात तसाच राहिला. माझं अजून एक माणूस या जिल्ह्यात होतं. मी नंबर लावला.

पहिल्याच रिंगला तिनं उचलला. आवाज चरकलेला. "दादा? कोण गेलं?"

माझा फोन म्हणजे कुणीतरी गेलं, एवढंच तिच्या वाट्याला मी ठेवलं होतं.

"कुणी न्हाई गं. विजेचा मेसेज आला म्हणून केला. घरात हायेस ना?"

"घरातच हाय," ती म्हणाली. "मला पण आला तो मेसेज."

मग मी सांगितलं. गोण्यांच्या थप्पीला टेकून, लोकांची ये-जा चालू असताना, सगळं सांगून टाकलं. बाबांनी तुला बोलावलं होतं. मी कळवलं नाही. दहाव्यालाही गप्प बसलो. तुझ्यावर त्यांचा राग नव्हता, ती कावळ्याची गोष्ट खोटी आहे.

ती रडेल किंवा शिव्या देईल असं मला वाटलं होतं. दोन्हींची माझी तयारी होती.

"मला माहीत हाय," ती म्हणाली. "बाबांनी शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या फोनवरून मला फोन केल्ता. खूप रडले. म्हणले, तुझ्या दादाला सांगितलंय, तो तुला घ्यायला येतो, त्याच्यासंगंच ये म्हणजे कुणी काही बोलणार न्हाई."

मी विचारलं, "मंग तू नदीवरून उठून का गेलीस?"

"तू बोलशील म्हणून बसल्ते. तू बोलला न्हाईस. मंग कशाला बसायचं?"

बाहेर गडगडायला लागलं होतं. मी काहीतरी म्हणालो, चुकलो असं काहीतरी. तिनं ते ऐकून घेतलं. मग अगदी साध्या आवाजात, गाऱ्हाणं न करता म्हणाली, "पिशवी भरून वाट बघून राह्यले होते रे दादा. बाबा गेले त्या दिवशी फोनवर तुझं नाव दिसलं ना, तेव्हा मी आधी चपला घातल्या, मंग फोन उचलला."