जाळीखालचं हिरवं

बाबा गेल्यानंतर आई आमच्याकडे इंग्लंडला, रीडिंगला आली, ती एक वाक्य पाठ करूनच: "माझ्या हाताला आता गुण राहिला नाही." आमटी उरली की हेच. मुलं पास्ता मागायची आणि ती निमूटपणे पातेल्यावर झाकण ठेवायची. मला रागही यायचा आणि रडूही.

एप्रिलमध्ये मी तिला जवळजवळ ओढूनच माझ्या वीकेंडच्या कामाला नेलं. गावाबाहेरच्या जंगलात आम्ही काही हौशी माणसं नवी झाडं लावतो. हरणं त्यांचे कोवळे शेंडे खातात, म्हणून हरणांसाठी वेगळा पट्टा पेरायचा होता, क्लोव्हर नावाच्या चाऱ्याचा. पाकिटावरचं चित्र बघून आई म्हणाली, "मेथीची बहीणच की." मग पदर खोचून तिने अख्खा पट्टा एकटीने पेरला. काम बघणाऱ्या इंग्रज बाईंनी मधोमध तारेची एक जाळी टोपलीसारखी उपडी ठेवली. कशाला, ते मी विचारलं नाही.

जुलैत परत गेलो, तर पट्टा उघडाबोडका. जमिनीलगत काहीतरी खुरटं, बस. आई काठाशीच थांबली.

"बघ. म्हटलं नव्हतं?"

हिला इथे आणलंच नसतं तर बरं झालं असतं.

बाईंनी आम्हाला जाळीपाशी नेलं. आत क्लोव्हर गुडघ्याएवढा, गच्च, गुलाबी फुलांनी भरलेला. जाळीतून बाहेर आलेलं प्रत्येक पान मात्र तारेपाशी कुरतडलेलं. सगळा पट्टा असाच उगवला होता, बाई म्हणाल्या. हरणांनी किती खाल्लं ते कळावं म्हणूनच तेवढा तुकडा झाकतात. मी आईला ते मराठीत सांगितलं.

ती खाली बसली. रात्रीच्या पावसाने ओल्या झालेल्या मातीत खुरांचे ठसे होते, मोठे, इवलेसे, एकावर एक, जाळीभोवती तर नुसती दाटी. एवढी पंगत जेवून उठली होती आणि आम्हाला पत्ताही नव्हता. माझ्या अंगावर काटा आला. मी झाडांकडे बघितलं. तिकडून आत्ताही कोणीतरी आमच्याकडे बघत असणार, असं वाटून मी हळू आवाजात बोलू लागले.

आई बराच वेळ एका लहानशा ठशावरून बोट फिरवत होती. मग तिने जाळीला हात घातला.

"आई, अगं, राहू दे ती. बाईंची आहे."

"सांग त्यांना," ती जाळी उचलत म्हणाली, "उरलंय ते झाकून नाही ठेवायचं."