ती पुण्याला नव्हती

ऋतुजा गेली त्या सकाळी सगळ्यांना कळवण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण आवाज न कापता बोलू शकेल असं घरात दुसरं कोणी नव्हतं. ज्यांना फोन केले त्यांतल्या बहुतेकांनी रडू आवरल्यावर एकच विचारलं, "पुण्याहून कधी आणताय?" आणि मी दर वेळी सांगत गेले, ती इथेच आहे, नल्लकुंट्याच्या घरी, आमच्या माडीवर. तो प्रश्न त्यांच्या तोंडी मीच घातला होता. आज दीड महिन्यानंतर हे लिहायला बसले आहे ते त्याचसाठी.

ऋतुजा माझ्या धाकट्या भावाची, शरदची, एकुलती एक मुलगी. मी लग्न केलं नाही. नारायणगुड्याच्या एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं आणि भावाच्या संसारात नाक खुपसत राहिले, त्यामुळे ती अर्धी माझीही. पोरगी भारी बडबडी. एकटीनं चहासुद्धा घशाखाली उतरायचा नाही तिच्या. कॉलेजातून येताना दोन मैत्रिणी बरोबर असायच्याच. त्यांतली स्रवंती तर आमच्या घरचीच झालेली. वरणफळांना "मराठी पास्ता" म्हणायची आणि दोनदा मागून घ्यायची. एकोणिसाव्या वर्षी ऋतुजाचा गुडघा दुखायला लागला. बॅडमिंटनमुळे असेल म्हणून महिनाभर शेकत बसलो. मग तपासण्या झाल्या आणि हाडाचा कॅन्सर निघाला.

शरद आणि त्याची बायको सुनीता नुसते बसून होते. निर्णय घ्यायची खोड मला. मी म्हणाले, बाहेर कुणाला बोलायचं नाही. इथे तेलुगू मुलखात आपली मराठी घरं मोजकी. आज एका घरी कळलं की उद्या सगळ्यांना, आणि परवा पार परभणीपर्यंत. पोरगी बरी होणार, मग तिचं लग्न करायचं, तेव्हा हे आडवं यायला नको. पुण्याला शिकायला गेली म्हणून सांगू. कुणीच हरकत घेतली नाही. ऋतुजासुद्धा म्हणाली, "हौ आत्या, चार महिन्यांचीच तर बात आहे." मग ती माडीवर बसून मैत्रिणींना होस्टेलच्या खोट्या गमती लिहून पाठवू लागली. हॉस्पिटलला जाताना रिक्षा अगदी दाराशी बोलवायची आणि तोंडावर ओढणी घ्यायची. मी तर तिच्याही पुढची. गावातल्याच आबिड्सच्या बाजारातून बाकरवडी आणली, दुकानाची पिशवी फेकून दिली आणि "ऋतूनं पुण्याहून पाठवलीय" म्हणून स्रवंतीच्या हातात ठेवली. पोरीनं ती तिथेच फोडून खाल्ली.

हॉस्पिटलात ऋतुजाची अशी जागाच नव्हती. एका बाजूला लहान मुलं, भिंतीवर ससे आणि हत्ती काढलेले. दुसऱ्या बाजूला माझ्या वयाची माणसं. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांशी ती काय बोलणार... डॉक्टरीणबाई भल्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, गाठ किती कमी झाली ते आम्ही बघतो, तिचा दिवस कसा जातो ते तुम्ही बघा. या वयात मैत्रिणी लागतात. येतात ना कुणी भेटायला? मी म्हणाले, येतात.

चार महिन्यांचे आठ झाले. एका दुपारी स्रवंती न सांगता आली, बहिणीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. मी दार अडवून उभी राहिले. "आंटी, वो फोन कायकू नै उठाती? खाली मेसेज करती." अभ्यास फार असतो, नुसता मेसेज करण्यापुरताच वेळ मिळतो, मी म्हणाले. आत ये म्हटलं नाही, पाणीसुद्धा विचारलं नाही. उभ्या आयुष्यात मी दारातून कुणाला असं परत लावलं नव्हतं. वर गेले तर ऋतुजा पलंगावर बसलेली, डोक्याचा रुमाल हातात. "तिचा आवाज बसलाय, आत्या. सर्दी झालीय का तिला?" मला ठाऊक नव्हतं. मग म्हणाली, "मला कॅन्सर झालाय. मी चोरी नाही केली. बोलव ना तिला." आवाज चढवला नाही तिनं. मी म्हणाले, ही किमो होऊ दे, जरा केस येऊ दे, मग बोलवू. तिचं भलं करते आहे असं मला खरंच वाटत होतं.

केस आले, बोटभर. पण तोवर आजार फुफ्फुसात पोहोचला होता आणि दर दोन वाक्यांनंतर तिला थांबावं लागायचं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. स्रवंतीला फोन करते, मी स्वतःहून म्हणाले. "नक्को आत्या. ती विचारेल, पुण्यात काय शिकलीस... काय सांगू?" मी पुढे आग्रह केला नाही. करायला हवा होता. चौदा महिने ही पोर आम्हा तीन मोठ्या माणसांत राहिली, आणि ते तिच्या आजारानं केलं नाही, मी केलं. ज्या लग्नासाठी केलं ते तिच्या मनातसुद्धा नव्हतं. याची लाज मला जन्मभर पुरेल.

तेराव्यानंतर स्रवंती आली. मला वाटलं, भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. तिला फक्त खोली बघायची होती. मी वर नेलं. ती पलंगाच्या कडेला बसली, उशीवरून हात फिरवला आणि खिडकीतून खाली बघत राहिली. पडदा ऋतुजा ठेवायची तसाच, अर्धा सरकवलेला. तिथून कोपऱ्यावरची मिर्चीभज्यांची गाडी दिसते. कॉलेज सुटलं की या पोरी रोज तिथे उभ्या असतात, पूर्वी ऋतुजाही असायची. "यहाँ से देखती थी?" तिनं विचारलं. रोज, मी म्हणाले, पाच वाजल्यापासून बसायची. स्रवंतीनं पुन्हा खाली गाडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आंटी, हम कब्बी ऊपर देखे ही नै."

मी अजून पाच वाजता माडीवर जाते आणि पडदा पूर्ण बाजूला सरकवते. काल स्रवंती आणि तिची मैत्रीण गाडीपाशी आल्या, खांद्यावरच्या बॅगा उतरवल्या आणि भजी मागायच्या आधी दोघींनी वर पाहिलं. खिडकीत मी होते.