जांभळाचं आळं

दुष्काळी मंठ्याचा माणूस घाटातल्या दाट जंगलात वनरक्षक, हेच मुळात नवल. पण आमच्या मामांना झाडाची तहान वासावरून कळायची. पान चुरगाळून नाकाला लावायचे आणि म्हणायचे, "आपुन दुष्काळातले. तहानलेलं झाड आपल्याला दाखवावं लागत न्हाई."

त्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे राहायला गेलो तेव्हा त्यांची झोप उडाली होती. सकाळचं धुकं येईनासं झालं होतं. पाऊस चार दिवसांत ओतून मोकळा व्हायचा, मग महिनोन्‌महिने पत्ता नाही. फळं हंगामाआधीच गळत होती. एका म्हाताऱ्या जांभळाच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी दार लिंपून पिलासोबत बसली होती, नर बाहेरून फळं भरवायचा. आणि बारा महिने हिरवं राहणारं तेच झाड भराभर पानं टाकून राहिलं होतं. "पिल्लू उडूस्तोवर टिक रे बाबा," मामा रोज बुंध्यावर हात ठेवून म्हणायचे.

एक दिवस ते कामासाठी तालुक्याला गेले. मी मोसंबीच्या बागेत वाढलेला, शहाणपणा अंगात मावत नव्हता! कुदळ घेतली, बुंध्याभोवती गुडघाभर खोल आळं केलं आणि झऱ्यावरून घागरी आणून भरून टाकलं.

मामा आले ते थेट आळ्याकडेच धावले. "आरं, काय करून ठिवलंस! ही काय मोसंबी हाय? हितली मुळं वरच्यावर पसरतेत. तू त्याचे पायच तोडले की रे!" बोलता बोलता दोन्ही हातांनी माती आत लोटू लागले. मीही लोटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मग आम्ही बुंधा दोरखंडानं शेजारच्या झाडाला बांधला. पुढचे बारा दिवस साधी झुळूक आली तरी आम्ही दोरखंड चाचपायला धावायचो. तेराव्या दिवशी ढोलीचं दार फुटलं. आधी मादी बाहेर आली, मागून पिल्लू. ते फांदीवर धडपडलं आणि उडालं. मामा रडले. जांभूळ त्याच आठवड्यात आडवं झालं.

त्या दिवसानंतर मामा मला त्यावरून कधी एका शब्दानं बोलले नाहीत. निवृत्त होऊन मंठ्याला आले, आमच्याच बागेत पानं चुरगाळत हिंडायचे. मागच्या वर्षी गेले. त्यांच्या पेटीत, वनखात्यातल्या साहेबांना तेव्हा दिलेल्या अहवालाची नक्कल सापडली. झाड पडण्याचं कारण म्हणून त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं : "आळं मी केलं."