पाहुण्यांसमोर घ्यायचं नाही ते नाव

किल्लारीचे पाहुणे मला बघायला येणार होते, त्या दिवशी चाकूरच्या आमच्या घरात सगळ्यात जास्त घाबरले होते ते काका. वडील गेल्यापासून घरात त्यांचाच शब्द चालतो. "केमिस्ट्री शिकतेय, एवढंच म्हन. कॅन्सरचं नाव काढू नको, बाई. सोयरीक मोडंल." आईने स्वयंपाकघराबाहेर यायचं नाही, असंही त्यांनी बजावलं होतं. वर्षापूर्वी तिचा एक स्तन काढावा लागला होता. आई निमूट पोहे परतत होती आणि ते बघून माझं डोकं तापत होतं.

पोहे देऊन मी बसले, तसं मुलाच्या वडिलांनी विचारलं, "नांदेडला काय शिकतीस?"

"कॅन्सरवर काम करते," मी म्हणाले. काकांना ठसका लागला. "डोळ्यांना न दिसणारे लोखंडाचे कण बनवते. ते कॅन्सरच्या पेशींना चिकटले की तपासणीत गाठ लवकर दिसू शकते. बाहेरून चुंबकाची दिशा झरझर बदलत ठेवली की कण तापतात आणि त्या पेशी मरतात. माझं काम अजून प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीपुरतंच आहे. माझ्या आईला कॅन्सर झाला होता. आई, बाहेर ये ना."

आई पदराला हात पुसत आली आणि सगळ्यांसमोर खुर्चीवर बसली. मला तिचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

पाहुणे अर्धा चहा तसाच ठेवून उठले. "कळवतो," म्हणाले. हळदीकुंकवासाठी माझ्या आईमागोमाग आत आलेल्या मुलाच्या आईने मात्र माझा हात घट्ट धरला.

"काखंत गाठ हाय, पोरी. पोराचं लगीन होईपर्यंत कुनाला सांगायचं न्हाई म्हनून गप हाय. तुझं ते लोखंड मला दी."

"ते अजून माणसांना देण्याजोगं नाही, मावशी. लातूरला डॉक्टर आहेत, त्यांना दाखवा. उशीर करू नका."

"ह्यांना कसं सांगू?"

"माझ्या शेजारी बसून सांगा," आई म्हणाली आणि त्यांना बाहेर घेऊन गेली.

सोयरीक अर्थातच जमली नाही. सोमवारी सकाळी आई पिशवी घेऊन निघाली, तेव्हा काका ओसरीवर होते. कुठं निघालात, म्हणून त्यांनी विचारलं.

"त्या बाईला घेऊन कॅन्सरच्या डॉक्टरकडं," आई म्हणाली. "तुमीबी येता का, भावजी?"