भगवती काकीच्या घरची कढई

देवानंदने गातो पिमां, म्हणजे मिरचीचे डाळवडे, पुन्हा तळायला घेतले, तेव्हा घरात माई आलेली आहे हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. दाराला कडुलिंबाची डहाळी बांधलेली त्याने पाहिली होती, पण बुद्धिमान माणसाने डहाळ्यांकडे किती लक्ष द्यायचं? सांत्र द फ्लाक शहरातल्या कॉलेजातून नुकताच पास होऊन आलेल्या या पुतण्याइतकं शहाणं कांप दे मास्क गावात कुणी नव्हतं, असं निदान त्याचं स्वतःचं मत होतं. काकीच्या लेकीने, बसंतीने, मागच्या खेपेला मागितलेले ते वडे बसमध्ये गार झाले होते. काकी परसात पाणी भरत होती. त्याने चूल पेटवली, कढई चढवली, आणि वडे सोडले. चर्र आवाज झाला.

काकी धावत आली ती ओल्या हातांनी. तिने कढई उतरवली आणि चुलीवर पाणी ओतलं.

सात वर्षांच्या बसंतीला गोवर आला होता. अंगावर गोवर उठला की घरात माई, म्हणजे देवी, पाहुणी येते. मग फोडणी नाही, तळण नाही, चपला आत नाहीत, वेणीफणी नाही. आणि सुई तर मुळीच नाही, कारण ती मुलाला नव्हे, माईला टोचते. भगवती काकी उसाच्या शेतात राबणारी विधवा होती. नियम पाळण्यात तिने हयगय केलेली कुणी पाहिली नव्हती. तरीही पोरीचा कान दुखत होता, ताप उतरत नव्हता, म्हणून शेजारच्या पुष्पाने दोन दिवस मिनतवाऱ्या करून तिला इस्पितळासाठी राजी केलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने निघायचं ठरलं होतं.

कढईने ते ठरलेलं मोडलं. रुसलेल्या पाहुणीला घराबाहेर नेत नाहीत. आधी तिची समजूत काढायची, दहीभात ठेवायचा, थंड पाण्याने उंबरा धुवायचा, आणि ती हसून निघाली की मग काय ते.

देवानंदने त्या वेळी पाय धरले असते तर कदाचित काकी विरघळली असती. पण तो वादाला उभा राहिला. जंतू, फुप्फुस, कानाची नळी, सगळं त्याने पुस्तकात पाहिल्यासारखं हातवारे करून सांगितलं. काकीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पोरा, तुझ्या लीवमधी तिचं नाव नाय," ती म्हणाली. "माझ्या घरात ती हाय."

लीव म्हणजे पुस्तक. काकी हट्टी होती असंही नाही. थोरल्या मुलाच्या अंगावर असंच उठलं होतं, तेव्हा ती स्वतः त्याला इस्पितळात घेऊन गेली होती. तिथे उशीखालचा पाला कुणीतरी हसत केरात टाकला. मुलगा घरी आला तो पांढऱ्या चादरीत. तेव्हापासून इस्पितळ म्हणजे माईचा अपमान, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं.

कानातून पू वाहू लागला तेव्हा काकीच उठली. पोरीला पाठुंगळी घेऊन बसथांब्यावर गेली. देवानंद मागून पिशवी घेऊन. सुई टोचली जात असताना काकी बसंतीच्या दंडावर हात ठेवून पुटपुटत माईची क्षमा मागत होती. डॉक्टरांनी विचारलं, इतका उशीर का. देवानंद भिंतीकडे पाहू लागला. आता आपलं नाव निघणार.

"घरी पाहुणी होती," काकी म्हणाली.

एवढंच. बसंती वाचली, पण तिचे दोन्ही कान गेले. काकीच्या हिशेबाने माई रुसली होती, देवानंदच्या हिशेबाने उशीर झाला होता. दोन्ही हिशेबांत कढई त्याचीच होती. काकीने ते कधी बोलून दाखवलं नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला अजून वाटतं.

त्या घरात पुन्हा तळण झालं नाही. दिवाळीच्या करंज्या पुष्पाच्या चुलीवर. मात्र गावात कुणाच्या पोराला पुरळ उठलं की काकी स्वतः जाऊन सांगते, पाला उशीखाली घाला आणि पहिली बस धरा, माई बसमधून पण येते. लस टोचायला येणारा इंद्रजीत तिच्या अंगणात चपला काढून ठेवतो. ती त्याला दही देते.

बसंती आता स्वेटरच्या कारखान्यात जाते. तिथल्या मशीनच्या खडखडाटाचा त्रास होत नाही अशी ती एकटीच, असं मुकादम कौतुकाने सांगतो.

देवानंद भेटला की ती त्याची बाही ओढते, बोटांनी छोटा गोल करते, जीभ बाहेर काढून तिखट लागल्यासारखी फुंकर मारते. ते राहिलेले वडे. कधी? तो मान हलवतो, उद्या म्हणतो, मग लक्षात येतं की तिला ऐकू येत नाही.

दर शनिवारी तो फ्लाकच्या बाजारात कढईसमोर उभा राहतो. विकणारी बाई विचारते, किती देऊ. तेवढ्यात नवा घाणा तेलात पडतो, चर्र होतं, आणि तो रिकाम्या हाताने बसकडे चालू लागतो.