किती खोल

दूरच्या एका बेटाच्या गोड्या पाण्याची बैठक सोलापुरात होणार असं मी सांगितलं, तेव्हा आमच्या कॉलेजातले निम्मे लोक हसले आणि उरलेल्यांना वाटलं, मी थट्टा करते आहे. आमच्याकडे नळाला पाणी यायचं असलं की त्या दिवशी माणसं लग्नाला जायचंही टाळतात. अशा गावात बसून चहूबाजूंनी पाणी असलेल्या बेटाची काळजी करायची! एका सहकाऱ्याने विचारलं, "मॅडम, पाहुण्यांना प्यायला कुठलं पाणी देणार?" मी म्हटलं, "जारचं देणार. तुम्हाला मात्र घरून आणावं लागेल."

हसणाऱ्यांना हसू दिलं. मला अभिमान वाटत होता आणि तो लपवायची मला गरज वाटली नाही. भूगर्भातल्या पाण्याचा अभ्यास मी याच कॉलेजात राहून केला. पुण्या-मुंबईला जायची संधी दोनदा आली आणि दोन्ही वेळा मी ती सोडली, कारण ज्याला पाण्याचा अभ्यास करायचा आहे त्याने पाणी नसलेल्या ठिकाणी राहावं असं माझं मत होतं. लोकांनी मला वेड्यात काढलं. त्या छोट्याशा बेटावर मी दोन वेळा जाऊन आले, तिथल्या विहिरींचा खारटपणा मोजायला तिथल्याच बायांना शिकवलं. त्या बाया पुढे कित्येक वर्षं फोनवरून मला आकडे पाठवत राहिल्या. म्हणून जेव्हा तिथल्या पाण्यावर पुढे कोणतं संशोधन आधी करायचं हे ठरवायची वेळ आली, तेव्हा बेटाच्या पाणी समितीच्या अध्यक्षबाईंनीच सांगितलं की आम्ही सोलापूरला येतो. नवी पेठेतल्या दुकानदाराला मी बैठकीसाठी सतरंज्या मागताना हे सगळं ऐकवलं. त्याने सतरंज्या दिल्या, पण भाडं काही कमी केलं नाही.

ते बेट म्हणजे समुद्रातून जेमतेम वर आलेली पोवळ्यांची सपाट पट्टी. तिथे नदी नाही, तलाव नाही. पाऊस पडतो, तो वाळूत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो, दुधावर साय धरते तसा. त्या सायीवर सगळं गाव जगतं. विहीर माणसाच्या छातीइतकी खोल असली तरी पाणी लागतं. पण कुणी जास्त खोल गेलं किंवा मोठा पंप लावून जास्त उपसलं, तर खालचं खारं पाणी वर येतं, आणि एकदा साय फाटली की पुन्हा धरायला कित्येक पावसाळे जावे लागतात. तोवर तिथल्या माणसांनी काय प्यायचं आणि कुठे जायचं?

बैठकीत मला एकच गोष्ट हवी होती. संशोधनाच्या यादीत पहिला प्रश्न असावा: गोड्या पाण्याचा थर कुठे किती जाड आहे आणि त्यातलं किती उपसलं तर तो टिकतो. आहेत त्या विहिरींतच हे वर्षभर मोजायचं आणि तोवर खाली काही खणायचं नाही. विरोधात एक तज्ज्ञ होते. बाहेरच्या एका मोठ्या संस्थेतले, अतिशय विद्वान आणि तितकेच सभ्य. ते पडद्यावरून बैठकीला बसणार होते. त्यांचं म्हणणं, बेटाच्या मधोमध एक खोल बोअर घ्यावं, मोठा पंप लावून चाचणी करावी, कदाचित खाली आणखी पाणी सापडेल. बोअरचं यंत्र तयार होतं, जहाज तयार होतं, फक्त बेटाने हो म्हणायचं बाकी होतं. बेटावरच्या तरुण मंडळींना यंत्र हवं होतं. अध्यक्षबाईंना काय हवं होतं ते त्यांनाच कळत नव्हतं.

साठी ओलांडलेल्या त्या बाई. पायात रबरी चपला, केसात कसलंसं फूल, आणि बोलणं अगदी थोडं. स्टेशनवरून येताना गाडीत त्या मला म्हणाल्या, "तू सांगतेस ते मला पटतं. पण परत गेल्यावर मला पोरांना उत्तर द्यायचं आहे. खोल गेल्यामुळे फसलेला एक माणूस मला दाखव. आकडे नकोत."

मला वाटलं, हे तर सोपं काम. आमच्या जिल्ह्यात असा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. पण कोणाच्या तरी दारात परकी बाई घेऊन जायचं आणि सांगायचं की हा बघा फसलेला माणूस, हे मला बरं वाटेना. म्हणून मी त्यांना कर्नाटकच्या सीमेलगतच्या मैंदर्गीला, आमच्याच शेतावर घेऊन गेले. आमच्या अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काही वर्षांपूर्वी बोअर घेतलं होतं. मी तेव्हा हात जोडून सांगितलं होतं की खालचा दगड काळा आणि घट्ट आहे, त्यात पाणी नाही, जुनी विहीर साफ करा. अप्पांनी नारळ हातावर ठेवून पाणी बघणारा पाणाडी बोलावला, नारळ उभा राहिला आणि माझी डिग्री आडवी झाली. बोअर गेलं ते गावात सगळ्यात खोल गेलं. मी मनात धरून होते की आता वय झालंय, पाहुण्या बाईंसमोर ते म्हणतील, थोडं पाणी लागलं खरं, पण आता कमी झालंय.

अप्पांनी काय केलं? कपाळाला विभूतीचे पट्टे, डोक्याला नवा पटका, आणि अध्यक्षबाईंना हात धरून नेल्यासारखं बोअरपाशी नेलं. आमच्या भागात एक रीत आहे, ती बाहेरच्याला विचित्र वाटेल. दोन शेतकरी भेटले की विचारतात, किती फुटाला लागलं? आणि ज्याचा आकडा मोठा, त्याची मान ताठ. खोल गेलेला माणूस म्हणजे हिंमतवाला, दम धरणारा. विहीर उथळ असणारा बिचारा गप्प बसतो.

"गावात एवढं खोल कुणाचं न्हाय," अप्पा छाती काढून म्हणाले. "पाणी लई हाय की! सांग त्यान्ला अव्वा, तुझा बाप मागं सरला न्हाय म्हणावं."

अव्वा म्हणजे कन्नडमध्ये आई. आमच्याकडे लेकीला लाडानं तसंच म्हणतात. मी ते सगळं इंग्रजीत सांगितलं, एक शब्दही न गाळता, कारण रागाच्या भरात दुसरं काही सुचेना. अध्यक्षबाईंनी वाकून बोअरच्या लोखंडी झाकणावर हात ठेवला. मग त्यांनी विचारलं, "खाली जाताना त्यांना थांबायला कोणी सांगितलं नाही?" मी हे अप्पांना सांगितल्यावर ते मोठ्यानं हसले. म्हणाले, "थांबायचं असतं तर कशाला चालू केलं असतं?"

वहिनीने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली, पाहुण्या बाई पोटभर जेवल्या, हात धुतले, अप्पांच्या पाया पडल्यासारखं काहीतरी केलं आणि आम्ही परत निघालो. अक्कलकोट मागं पडलं. मग म्हणाल्या, "तुझे वडील खोल गेले आणि त्यांना भरपूर मिळालं. मी पोरांना आता हेच सांगू का?" मला अप्पांचा इतका राग आला की मी रस्त्याचं निमित्त करून ड्रायव्हरवर उगाचच ओरडले. दहा वर्षं बेटावरच्या बायांनी पाठवलेले आकडे एका पटक्यापुढे हरले होते.

दुसऱ्या दिवशी बैठक. आमच्या कॉलेजच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या खऱ्या, पण सगळे खुर्च्यांवरच बसले. भिंतीवर पडदा, पडद्यावर ते तज्ज्ञ. मी माझं म्हणणं मांडलं. चांगलं मांडलं, हे मी स्वतःच सांगते. तज्ज्ञांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तितक्याच शांतपणे विचारलं, "मॅडम, तुम्ही ज्या जिल्ह्यात बसून हे सांगता, तिथेच इतकी खोल बोअर घेतली जातात. लोक उगाच घेतात का?" अध्यक्षबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांसमोर अप्पांचा पटका होता हे मला स्पष्ट दिसलं.

तेवढ्यात हॉलच्या मागच्या दारातून अप्पाच आत आले. वहिनीने पाहुण्या बाईंसाठी कडक भाकऱ्या बांधून दिल्या होत्या, त्या घेऊन ते एसटीनं आले होते. शिपायाने त्यांना मागच्या खुर्चीत बसवलं. मी मनात म्हटलं, आता ते उठून आकडा सांगणार आणि माझं उरलंसुरलं संपणार.

मी तज्ज्ञांना उत्तर देत होते. उगाच घेत नाहीत, तहानेपोटी घेतात, पण खाली काय आहे ते न बघता घेतात. तज्ज्ञ म्हणाले, मग असं एखादं उदाहरण आहे का तुमच्यासमोर? माझ्यासमोर शेकडो होती, पण कालच्या त्या एकाने सगळी पुसून टाकली होती. मी उगाच हातातले कागद चाळू लागले. अप्पांना इंग्रजी येत नाही. पण मी अडले आहे हे त्यांना समजलं. त्यांनी शेजारच्या प्राध्यापकाला विचारलं, काय इचारतोय तो? प्राध्यापकाने सांगितलं.

अप्पा उभे राहिले. भाकऱ्यांचं गाठोडं हातातच होतं.

"हितं एक माणूस हाय," ते म्हणाले. "मी हाय. ते बोअर कोरडं हाय. दोन उन्हाळे झाले."

हॉलमधल्या मराठी समजणाऱ्यांनी माना मागे वळवल्या. मी भाषांतर करायचं विसरले.

"काल मी मोटर लावून दाखवली न्हाय," ते पुढं म्हणाले, "लावली असती तर नुसती हवा आली असती. पाहुण्या बाईंनी हात धुतले ते टँकरचं पाणी. आदल्या दिवशी मागवलं हुतं. माझ्या पोरीनं मला पयलंच सांगितलं हुतं की खाली जाऊ नका. मी आयकलं न्हाय, आणि नंतर तिला सांगायची लाज वाटली." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सांग त्यान्ला. काय गाळू नको."

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ भाषांतरं केली आहेत. इतकं अवघड एकही नव्हतं. ज्या माणसाने आपण हरल्याचं मला कधी दाखवलं नाही, त्याची हार मला माझ्याच तोंडाने परक्या माणसांपुढे सांगायची होती. मी सांगितली. मध्येच थांबून पाणी प्यायले. मग उरलेलंही सांगितलं. टँकरचं सांगितलं, लाजेचंही सांगितलं. आणि त्या वेळी माझ्या मनात कालचा राग तर नव्हताच, उलट असं वाटत होतं की या हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला खांद्याला धरून सांगावं, हे माझे वडील आहेत.

अध्यक्षबाईंनी त्यांना एकच विचारलं. बोअर घेताना तुम्ही काय बघितलं?

"पाणी कुठं हाय तेवढंच बघितलं," अप्पा म्हणाले. "किती हाय ते इचारलंच न्हाय."

 मग पडद्यावरून तज्ज्ञांनीच म्हटलं की पहिला प्रश्न मॅडमचा असू दे, यंत्र थांबवता येईल. मी त्यांचे आभार मानले आणि ते मनापासून मानले. अध्यक्षबाईंनी बेटावरच्या पोरांसाठी अप्पांचं बोलणं फोनवर पुन्हा एकदा रेकॉर्ड करून घेतलं. या वेळी अप्पांनी आधी पटका नीट केला.

बैठक उठली, चहा झाला. सहकारी येऊन अप्पांना नमस्कार करत होते आणि अप्पा प्रत्येकाला भाकरीचा तुकडा देत होते. हॉल रिकामा झाल्यावर ते माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले.  मग खालच्या आवाजात, कन्नडमध्ये, त्यांनी विचारलं, "अव्वा, जुन्या विहिरीचं काय करू? तू सांग."

पाण्याबद्दल त्यांनी मला याआधी कधीच काही विचारलं नव्हतं.