रिक्षा भरेपर्यंत

आसनगावला स्टेशनजवळ राहायला गेले तेव्हा मी एक येडेपणा केला. मुरबाडकडच्या माहेरी बांधावरून कोसभर चालणारी मी. पण इथे वाटायचं, आता आपण स्टेशनवाले झालो, पायी कशाला जायचं? बाजारापासून घर पाच मिनिटांवर, तरी तोऱ्यात शेअर रिक्षात जाऊन बसले. रिक्षा काही भरेना. लेकीची शाळा सुटायची वेळ झाली आणि घराची किल्ली माझ्या पिशवीत. जीव नुसता खालीवर, पण उतरले नाय.

"ताई, चालत लवकर पोचाल," रिक्षावाला म्हणाला.

"तुमी माणसं भरा!"

तेवढ्यात शाळेतून घरी निघालेली लेकच रिक्षापाशी थांबली.

"आई, किल्ली दे गो. मी चालत पुढे जाते, तुझी रिक्षा भरली की तू ये."